ताग्याला चिकटलेली लापशी

साखर मला झाली आणि शिक्षा झाली माझ्या ताटाला.

डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, गोड बंद, तूप कमी, चालणं जास्त. ताट वेगळं करा असं ते म्हणाले नव्हते. ते डोकं माझ्या नणंदेचं, खदीजाआपांचं. आपा विधवा झाल्यापासून आमच्याकडेच राहतात. माझ्या नवऱ्याहून मोठ्या, त्यामुळे घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. त्यांचे मालक कशाने गेले ते त्या कधी बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

आमच्या घरात शुक्रवारचं दुपारचं जेवण एका थाळीत होतं. त्या दिवशी आमच्या कापडाच्या कारखान्यातले लूम बंद, त्यांचा खडखडाट बंद, भिवंडीत माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं तो हाच एक दिवस. पुरुष जुम्म्याची नमाज पढून आले की दस्तरखान अंथरायचा, मधे कल्हई केलेली मोठी थाळी ठेवायची आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. आधी गोड. ते घरच्या बाईने बिस्मिल्ला म्हणून मोडायचं, पहिला घास थाळीवरच्या सगळ्यात मोठ्या माणसाला द्यायचा आणि मग बाकीच्यांचे हात थाळीत. सासूबाईंनी हा मान मला दिला होता. माझा मुलगा सादिक पोटात होता तेव्हापासून तो माझा.

साखर निघाली त्या शुक्रवारी आपांनी माझ्यासाठी अॅल्युमिनियमची एक ताटली काढली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवली. म्हणाल्या, "तू हितं बस. आजारी माणसाचं ताट येगळं बरं." गोड त्यांनी मोडलं. माझे यजमान फखरुद्दीन थाळीकडे बघत जेवले, माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी ताटलीत कोरडी भाकरी होती, पुढे तिच्यात आली ओट्सची लापशी.

हे ओट्स माझ्या साखरेचं कळल्यावर माझ्या मुलाने पाठवलेले. सादिक बहारीनला एसी दुरुस्तीच्या कामाला आहे. तो पत्र लिहीत नाही, टेपमध्ये बोलून कॅसेट पाठवतो. एका कॅसेटीबरोबर हा भलामोठा डबा आला. चपटे, पांढुरके दाणे. टेपमध्ये सादिक म्हणाला, "अम्मी, इकडे साखरवाले हेच खातात. रोज खा." बिचाऱ्याने प्रेमाने पाठवले, आणि आपांनी ते पाण्यात शिजवून मला सकाळ-संध्याकाळ वाढायला सुरुवात केली. मीठ नावाला, गोडाचा पत्ता नाही. चमचा उभा केला तर उभा राहायचा. फखरुद्दीन हसून म्हणाले, "हा तर घोड्याचा खुराक." हसा म्हटलं. घोड्याला निदान गाडीला जुंपतात, उंबऱ्याशी बसवत नाहीत.

खरं सांगते, मला गोडाचा तेवढा सोस कधीच नव्हता. राग होता तो जागेचा. थाळीभोवतीची माझी जागा दोन-तीन जुम्म्यांत बुजली. उरलेली दोघंच, पण थोडी ऐसपैस बसली आणि मी तिथं कधी होते याची खूणसुद्धा राहिली नाही.

मग सादिकची दुसरी कॅसेट आली. "पुढच्या महिन्यात येतोय. जुम्म्याला घरी पोचेन. अम्मी, तुझ्या हातचं पहिलं गोड खायला जीव तरसलाय." त्याला ताटलीचं कुणी कळवलं नव्हतं. आपा टेप बंद करत म्हणाल्या, "गोड मी मोडीन. पोराला समजावू."

मी त्याच क्षणी ठरवलं. माझा मुलगा मला उंबऱ्याशी बसलेली बघणार नाही. थाळीतलं मला चालत नसेल, तर मला चालेल ते थाळीत जाईल.

शेजारी कलावती राहते. म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात नर्स आहे, मूळची टेमघरची, बौद्ध कुटुंबातली. माझी साखर तीच तपासते. मी तिला म्हटलं, "कलावती, ह्या ओट्सचा केक करायचाय. साखर नाय, तूप चमचाभर. पण लागला पाहिजे केकसारखा."

मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "भाभी, माझ्या आजीला पाटलाच्या वाड्यावर चहा मिळायचा तो वेगळ्या कपात. कप गोठ्याच्या खिडकीत ठेवलेला असायचा, पिऊन तिनेच विसळून परत ठेवायचा. आजी म्हणायची, वेगळं भांडं एकदा पडलं की आपोआप उचललं जात नाही. आपणच उचलावं लागतं." मग लगेच नर्सच्या आवाजात म्हणाली, "केळं घालायचं नाही. खजूर घातलाच तर नावापुरता. लाल भोपळा घाला."

म्हणून भोपळा. पिकलेला, किसून, पाणी पिळून काढलेला. खजूर दोन-चार, चिरून. बाकी गोडाचं सोंग वेलची, दालचिनी आणि जायफळाने आणायचं. जायफळ फार लबाड, साखर नसली तरी आहे असं जिभेला पटवतं. अंडी, थोडं दूध, चिमूटभर सोडा.

पहिल्या खेपेला मी ओट्स दुधात भिजत घातले, सगळं कालवलं आणि घरच्या नानखटाईच्या रीतीने पातेल्यात भाजायला ठेवलं, खाली वाळू, झाकणावर निखारे. वरून करपलं आणि आतून चिखल. आपांनी झाकण उचलून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "तौबा. अनाजाची नासाडी."

दुसऱ्या खेपेला मी ओट्स जास्त भिजवले. वाटलं, कच्चे राहिले म्हणून बिघडलं. रात्रभर भिजवून सकाळी सगळं कालवून वाडगा फळीवर ठेवला आणि निखारे करायला मागच्या अंगणात गेले. आता आमच्या फळीवर त्या जागी नेहमी दुसरा एक वाडगा असतो, मैद्याच्या खळीचा. कारखान्यातून कापडाचा तागा निघाला की त्याच्या टोकाला मीटरची चिठ्ठी चिकटवतात, त्यासाठी खळ घरातून जाते. आमचा जुना कामगार लहानू, वडप्याचा. तो नेहमीसारखा आला, फळीवरचा वाडगा उचलला आणि गेला.

मी परत आले तेव्हा फळी रिकामी. पळत कारखान्यात गेले तर लहानू शेवटच्या ताग्यावर तळवा दाबत होता. सगळा कारखाना दालचिनीने घमघमत होता.

"लहानू, अरे काय केलंस हे!"

"काय झालं, भाभी? आज खळ लई भारी केलीव. वासबी ग्वाड हाय. आन् चिकटती कशी! बघा, नखानं काढतो तरी चिठ्ठी निघंना." त्याने खरंच नख लावून दाखवलं. चिठ्ठीखाली भोपळ्याचा कीस दिसत होता.

मला रडू यायला हवं होतं. मी हसत सुटले.

पण ते मिश्रण ताग्यांसोबत काल्हेरच्या गोदामात गेलं आणि तिथे मुंग्यांना लागली खबर. आमचं कापड घेणाऱ्या शेठने चार दिवसांनी सगळा माल परत पाठवला. निरोपही पाठवला, फखरुद्दीनभाई कापड विकतात की मिठाई? चेष्टा गल्लीभर झाली. सादिकचे अब्बा घरात आले तेव्हा त्यांचा चेहरा भट्टीसारखा तापलेला होता.

"बस झालं," ते म्हणाले. "तुझ्या त्या लापशीपायी बाजारात माझं नाक कापलं. आता हे थेर बंद. आपा देतील ते खायचं."

"लहानूला विचारायचं सोडून..."

"लहानूला कशाला विचारू? खळीच्या जागी खीर कुणी ठेवली?"

आपांनी ओट्सचा डबा कपाटात टाकला आणि किल्ली कमरेला लावली. म्हणाल्या, "परहेजचं खाणं दवा म्हणून खायचं. चोचले कशाला?"

त्या रात्री मी लापशी संपवून ताटली विसळून ठेवली. घरातल्यांना वाटलं, बाई नरमली. मी विचार करत होते लहानूच्या बोलण्याचा. नखाने काढली तरी चिठ्ठी निघेना. म्हणजे माझ्या वाडग्यात जे होतं ती खळच होती. लहानूची चूक झालीच नव्हती! भिजवले की ओट्स चिकट होतात आणि मी ते भिजवत भिजवत चालले होते. भिजवायचं नाही. उलट कोरडे भाजायचे, रव्यासारखे, वास सुटेपर्यंत. मग निम्मे कुटायचे, निम्मे तसेच ठेवायचे. आणि अंड्यातलं पांढरं वेगळं काढून फेस येईपर्यंत फेटायचं, म्हणजे हलकं होईल. सारा बाजार हसला, पण केक कसा करायचा ते त्या परत आलेल्या मालाने मला शिकवलं.

राहिला प्रश्न ओट्सचा. आपा आता रोज सकाळी माझ्या वाटणीचे काढून द्यायच्या आणि शिजवायला मला सांगायच्या. मी ते शिजवायचंच सोडलं. नाचणीची भाकरी आणि मेथी खायचे आणि ओट्स बॉबिनच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. आपा विचारायच्या, "लापशी खाल्लीस?" मी म्हणायचे, "पोटभर." खोटं बोलले. त्याचा हिशोब अल्लाशी करीन, आपांशी नाही.

सादिक यायचा तो शुक्रवार उजाडला. पहाटेच कलावतीच्या स्टोव्हवर ओट्स भाजले, तिच्याच घरी कुटले. ती अंड्याचा फेस करत होती, मी भोपळा पिळत होते. ट्रे भरला आणि बुरखा घालून निघाले हारूनच्या बेकरीत. आमच्या मोहल्ल्यात ईदच्या आधी घराघरातून नानखटाईचे ट्रे हारूनच्या भट्टीत भाजायला जातात, पण बायका स्वतः जात नाहीत, कुणाच्या तरी हाती पाठवतात. मी एकदा वाडगा नजरेआड केला होता. पुन्हा करणार नव्हते.

हारूनने पाव बाहेर काढले होते, भट्टी अजून धगधगत होती. त्याने ट्रेमध्ये डोकावून बघितलं. "भाभी, ये क्या लाये? सुना है ताग्यावर लावता तुम्ही?"

मागे पाव घ्यायला आलेले दोघं फिस्सकन हसले.

"हां," मी म्हटलं. "ताग्यावर लावला, तिथं चिकटला. आता तुझ्या भट्टीत लावणार. आच उतरली की नानखटाईच्या वेळेला घाल. तोवर मी हितंच उभी आहे."

"घरी जा ना भाभी, मी पाठवतो."

"उभी आहे म्हटलं ना."

आपांचा निरोप आला, लवकर घरी ये, शोभत नाही. मी म्हटलं, सांगा, येते. आणि उभी राहिले. लोक येत होते, बघत होते, पाव घेऊन जात होते. पाय दुखत होते, तोंड कोरडं पडलं होतं, पण मनात कुठेतरी मजाच वाटत होती. एवढ्या वर्षांत मी ह्या गल्लीत अशी मधोमध उभी कधी राहिलेच नव्हते.

भट्टीतून ट्रे बाहेर आला तेव्हा हारून त्यावर वाकला. तपकिरी, मधे फुगलेला, काठाला सुटलेला. त्याने बोटाने हळूच दाबलं, ते खाली गेलं आणि परत वर आलं. "केक है ये तो," तो म्हणाला. मागे आता कुणी हसलं नाही.

घरी पोचले तेव्हा नमाज सुटत आली होती. सादिक स्टेशनावरून आला तसा बॅग ओटीवर टाकून मशिदीत गेला होता. थाळी मांडलेली. मधे आपांनी केलेला शिरा, तूप कडेला साचलेलं. आणि उंबऱ्याशी माझी अॅल्युमिनियमची ताटली. आज तिच्यात लापशीबरोबर एक लिंबाची फोडसुद्धा होती, पोरगा येणार म्हणून.

सादिक आला. गळ्यात पडला. काळवंडला होता, पण खांदे भरले होते. थाळीवर बसला आणि म्हणाला, "अम्मी, ये ना, मोड." मग त्याची नजर उंबऱ्याकडे गेली. "ती ताटली कुणाची?"

फखरुद्दीन दाढी खाजवू लागले.

"तुझ्या अम्मीची," आपा म्हणाल्या. "परहेजची. तू पाठवलेलंच खाते ती."

सादिकचा चेहरा उतरला. मला तेच नको होतं. त्याने पाठवलेल्या प्रेमाचं उंबऱ्याशी काय झालं ते त्याने बघावं, हे मला नको होतं. मी आत गेले, ट्रे घेऊन आले, शिऱ्याचं भांडं थाळीतून उचलून जमिनीवर ठेवलं आणि त्याच्या जागी ट्रे ठेवला.

"हे काय?" आपांनी विचारलं.

"पहिलं गोड."

"गोड मी केलंय."

"दिसलं. बाजूला ठेवलंय."

"माजिदा," फखरुद्दीन म्हणाले, "पोरगा आजच आलाय. तमाशा नको."

"तमाशा त्या उंबऱ्याशी चाललाय," मी म्हटलं. "दर जुम्म्याला मी त्यात काम करते आणि तुम्ही थाळीत बघून जेवता. मला साखर झालीय, मी उष्टी झालेली नाय. हे त्याच डब्यातलं आहे, तुमच्या घोड्याच्या खुराकाचं. मला चालतं. आज सगळ्यांना चालेल. ज्याला नाय चालत त्याने सांगावं."

मी खाली बसले नाही, जागाच नव्हती. उभ्यानेच वाकून बिस्मिल्ला म्हटलं, एक तुकडा मोडला आणि रीतीप्रमाणे सगळ्यात मोठ्या माणसासमोर धरला. म्हणजे आपांसमोर.

आपांनी माझ्याकडे बघितलं. रीत मोडायची त्यांची हिंमत नाही, जन्म त्यांचा रीत सांभाळण्यात गेला. त्यांनी तोंड उघडलं. चावलं. दुसऱ्यांदा चावलं. आणि एकदम माझं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली.

"खोटारडे! साखर घातलीस! केक आहे हा!" त्यांनी ट्रे माझ्यापासून लांब ढकलला. "हात लावू नकोस ह्याला. एक घास नाय. ऐकतेस का?" त्यांचा आवाज फाटला. "माझ्या मालकांना, तुझ्या दुल्हाभाईंना, मी कधी थाळीवरून उठवलं नाय. माणसांत बसू दे म्हटलं, मन मोडायला नको म्हटलं. लोक भरवत गेले, ते खात गेले. आधी अंगठा कापला, मग पाय. मी बघत बसले. तुला नाय बघणार!"

मी इतके दिवस त्यांच्यावर दात खाऊन होते, आणि आता त्या मला वाचवायला माझं मनगट सोडत नव्हत्या. तरी मी माघार घेतली नाही. घेणार नव्हते.

"आपा," मी म्हटलं, "साखर नाय घातली. भोपळा आहे, जायफळ आहे. कलावती माझ्या शेजारी उभी होती, तिला विचारा. दुल्हाभाईंना कुणी उठवलं नाय हे वाईट नव्हतं. त्यांना चालेल ते थाळीत कुणी ठेवलं नाय, हे वाईट झालं. मला उठवू नका. थाळी बदला."

आपा बराच वेळ चावत राहिल्या. तोंडात घास उरलाच नसेल, तरी चावत होत्या. मग म्हणाल्या, "भोपळा?"

"लाल भोपळा."

"आन् त्या लापशीचा?"

"त्याच लापशीचा."

त्या उठल्या. पदराने डोळे पुसले. जमिनीवरचं शिऱ्याचं भांडं उचललं, उंबऱ्याशी गेल्या, माझ्या ताटलीतली लापशी बाजूला सारली आणि तिच्यात शिरा ओतला. परत येऊन आपल्या जागी बसल्या.

"आजपासून येगळं ताट त्याचं," त्या म्हणाल्या. "ज्याला शिरा खायचा असंल त्याने तिकडं जाऊन बसावं."

आमच्या घरात शिऱ्यासाठी जीव टाकणारा माणूस एकच. फखरुद्दीननी उंबऱ्याकडे बघितलं. त्या ताटलीकडे, त्या एकट्या जागेकडे. मी उंबऱ्याशी बसायला लागल्यापासून तिकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितलं असेल. त्यांची मान खाली गेली.

मग ते थाळीजवळून थोडे सरकले. आपा दुसरीकडे सरकल्या. मधे एका माणसापुरती जागा झाली.

"बस," ते म्हणाले.

मी बसले. माझा गुडघा आपांच्या गुडघ्याला लागला. समोरून सादिकने एक मोठा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि बोलता येईना म्हणून नुसता माझा हात धरला. फखरुद्दीननीही मोडला, खाल्ला, जिभेवर घोळवला.

"गोड जरा कमी आहे," ते म्हणाले.

"उंबरा मोकळा आहे," मी म्हटलं.

त्यांनी दुसरा तुकडा घेतला.